कापसाचा आकडा

इचलकरंजीत सकाळी सुताच्या पेढीवर माणसे भावाचा आकडा विचारतात आणि संध्याकाळी पानाच्या टपरीपाशी दुसराच एक आकडा विचारतात. पहिला विचारताना आवाज मोकळा असतो, दुसरा विचारताना तो थोडा खाली येतो. पहिल्या आकड्यावर गावाचे पोट चालते. दुसऱ्या आकड्यापायी त्या पोटातले चार घास दर आठवड्याला निघून जातात. या दोहोंचे नाते केवळ शेजाराचे आहे अशी बहुतेकांची समजूत असते. परंतु मागचे दप्तर जरा चाळून पाहिले, तर ते नाते रक्ताचे निघते. मटका हा कापसाच्या बाजाराचाच मुलगा आहे. अनौरस म्हणा हवे तर. ज्या बोंडातून इचलकरंजीचा माग उभा राहिला, त्याच बोंडातून हा जुगारही निघाला, आणि दोघे वेगवेगळ्या वाटांनी फिरून अखेर एकाच गावी मुक्कामाला आले. त्या प्रवासाची ही हकीकत आहे.

प्रथम गावाकडे पाहू. पंचगंगेच्या काठची इचलकरंजी ही घोरपडे घराण्याची जहागीर. मूळ पुरुष नारो महादेव जोशी हा संताजी घोरपड्यांच्या पदरी वाढला आणि कृतज्ञतेने धन्याचेच आडनाव घेऊन बसला. १८९२ पासून १९४३ पर्यंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी जहागिरीचा कारभार पाहिला. गवयांना आश्रय देणारा हा जहागीरदार उद्योगधंद्यांचाही चाहता होता. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी व्यंकटेश रंगतंतू मिल काढून इचलकरंजीत पहिला यंत्रमाग चालविला. पुढे लुगडी आली, धोतरे आली, मलमल आणि पॉपलीन आले. आज लाखाहून अधिक यंत्रमागांचे गाव म्हणून इचलकरंजी ओळखली जाते आणि २०२२ पासून ती महानगरपालिकाही झाली आहे. या गावात जॉबर आहेत, वहिफणीवाले आहेत, कांड्या भरणाऱ्या बाया आहेत, दिवाणजी आहेत आणि दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे खर्चीवाले आहेत. कामगाराचा हिशेब विणलेल्या मालावर ठरतो. पगार फार मोठा नसतो, पण तो वरचेवर हाती येतो. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता कापसाच्या दुसऱ्या वाटेने जाऊ. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. चार वर्षे मुंबईत पैशाचा नुसता पूर लोटला होता. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीच्या पाच हजारांच्या भागाला पन्नास हजारांच्या घरात भाव मिळू लागला. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द म्हणजे बाजारातला वेदवाक्य झाला. १८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि जुलै उजाडता उजाडता निम्मी मुंबई दिवाळखोरीत निघाली. त्याच १८६५ साली मुंबई सरकारने पैजेच्या व्यवहारांविरुद्ध एक छोटासा कायदा केला. पैजेच्या कराराला आणि त्याला चिकटून आलेल्या उपकरारांनाही न्यायालयात किंमत राहणार नाही, असा त्याचा मथितार्थ. पुढे १८७२ च्या करार कायद्यातील तिसाव्या कलमानेही पैजेचा करार शून्य ठरविला. म्हणजे जुगारात जिंकलेला पैसा कोणी दिला नाही, तर दाद मागायला दार उरले नाही.

कायदा करणाऱ्यांना वाटले असेल की, दाद नाही म्हटल्यावर कोण पैज लावील? घडले ते नेमके उलटे. दाद मागण्याची सोय नसल्यामुळे दिला शब्द पाळणे हेच धंद्याचे भांडवल होऊन बसले. जो बिनबोभाट पैसे देतो त्याच्याकडे गिऱ्हाईक जाते, आणि जो बुडवतो त्याची पेढी एका रात्रीत बसते. जुगाराच्या धंद्यात जो एक विलक्षण काटेकोर प्रामाणिकपणा आढळतो, त्याचे मूळ येथे आहे.

कापूस कोसळला तरी मुंबईच्या व्यापाऱ्याची खोड गेली नव्हती. पावसाळ्यात बाजार मंद असे, तेव्हा पावसावरच पैजा सुरू झाल्या. अमुक वेळात छपराची पन्हळ वाहील की नाही, यावर पैसे लागत. ढगांची पारख करणारे जाणते लोक गच्चीवर चढून अंदाज सांगत. १८८७ साली मुंबई इलाख्यात जुगार-प्रतिबंधक कायदा आला आणि पोलिसांनी पावसाच्या पेढ्यांवर हात टाकला. पण १८८९ मध्ये उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, पाऊस पडणे हा काही खेळ नव्हे आणि पन्हळ हे जुगाराचे साधन नव्हे! सरकारला १८९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पैज लावणे हाही जुगारच असे लिहावे लागले. तेव्हापासून आजतागायत हाच क्रम चालला आहे. जुगार रूप पालटतो, कायदा त्या रूपाची व्याख्या करतो, आणि व्याख्या छापून होईपर्यंत जुगाराने दुसरे रूप घेतलेले असते.

कापसावरच्या पैजेने घेतलेले नवे रूप तर फारच चतुर होते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात दररोज उघडता भाव आणि बंद होता भाव निघे. हे भाव तारेने मुंबईच्या कापूस बाजारात येत. खऱ्या व्यापाऱ्याला त्या भावाशी कर्तव्य होते. परंतु ज्याच्यापाशी कापसाची एक गासडीही नाही, अशा माणसाने त्या भावाच्या शेवटच्या अंकावर पैसे लावायला कोणाची हरकत होती? शून्यापासून नवापर्यंत दहा अंक. त्यांतला कोणता येणार ते सांगायचे. उघडत्या भावाचा अंक तो ‘ओपन’, बंद भावाचा तो ‘क्लोज’, आणि दोन्ही मिळून ‘जोडी’. आज इचलकरंजीच्या टपरीवर हे शब्द उच्चारणाऱ्याला न्यूयॉर्कची गंधवार्ता नसेल, पण त्याच्या तोंडी भाषा मात्र कापसाच्या वायदेबाजाराची आहे. या जुगाराला ‘आकडा’ म्हणू लागले आणि गिरणगावात तो झपाट्याने पसरला. वायदा समजायला बाजाराची अक्कल लागते. अंक निवडायला ती लागत नाही.

१९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कहून हे भाव येणे बंद झाले. आता तारच येणार नाही म्हटल्यावर आकडा मरायला हवा होता. तो मेला नाही. भावाचा आधार सुटला, तशी सगळ्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली की, या खेळाला कापसाची गरजच नव्हती. लागत होता तो फक्त सर्वांचा विश्वास बसेल असा एक अंक. १९६२ साली कल्याणजी भगत या कच्छी गृहस्थाने वरळीत स्वतःच अंक काढायला सुरुवात केली. मडक्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि एक उचलायची. त्यावरून नाव पडले ‘मटका’. १९६४ मध्ये रतन खत्री या फाळणीनंतर कराचीहून आलेल्या सिंधी माणसाने आपला वेगळा मटका मांडला. पुढे मडके गेले आणि पत्ते आले. तीन पाने काढायची, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेचा शेवटचा अंक घ्यायचा. दोन, पाच आणि आठ निघाले तर बेरीज पंधरा, अंक पाच. मडके केव्हाच फुटले, नाव तेवढे उरले.

या खेळाचे गणित एकदा नीट पाहण्यासारखे आहे, कारण सारे इंगित त्यात आहे. तीन पानांचे वेगवेगळे २२० मेळ होतात आणि दहा अंकांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर २२ मेळ येतात. म्हणजे कोणत्याच अंकाला पक्षपात नाही. कोणी स्वप्नात साप पाहून अंक ठरवितो, कोणी मागील वर्षांचे तक्ते मांडून बसतो, कोणी बाबा-बुवांना कौल लावतो; पण दहांत एक यापलीकडे कोणाचीच संधी जात नाही. आकडा लागला तर रुपयाला नऊ रुपये मिळतात. दहा माणसांनी दहा अंकांवर एकेक रुपया लावला, तर दहा जमले आणि नऊ वाटले गेले. उरलेल्या एका रुपयात चिठ्ठी लिहिणाऱ्याचे कमिशन, बुकीचा नफा, हप्ते आणि मालकाचे वैभव. जोडी शंभरांत एकदा लागणार आणि तिला साधारण नव्वदपट मिळणार. म्हणजे कपात तीच. यात हातचलाखी करावी लागत नाही. चोख हिशेबानेच मालक श्रीमंत होतो.

एक दशांश ही कपात ऐकायला फार वाटत नाही. पण जिंकलेला माणूस पैसे घेऊन घरी जात नाही, तो ते पुन्हा लावतो. गल्लीतल्या सर्वांनी मिळून लावलेल्या शंभर रुपयांचे पहिल्या फेरीनंतर नव्वद उरतात, दुसरीनंतर एक्क्याऐंशी, तिसरीनंतर त्र्याहत्तरास काही पैसे कमी. आणि सातव्या फेरीअखेर अठ्ठेचाळीससुद्धा पुरे उरत नाहीत. गल्लीत कोणीतरी सदैव जिंकलेला असतो, त्याची कथा आठवडाभर सांगितली जाते आणि गल्ली मात्र निम्म्यावर येते. संस्कृतात आणि मराठीत ‘घट’ या शब्दाचा अर्थ मडके. मराठीत त्याचा आणखी एक अर्थ आहे, तूट. इचलकरंजीच्या कारखानदाराला हा दुसरा अर्थ पक्का ठाऊक असतो. सुताची घट किती गेली हे तो ग्रॅमागणिक पाहतो आणि शेकडा दहा घट निघाली तर मागच थांबवील. त्याच्या मागावरचा कामगार रोज संध्याकाळी शेकडा दहा घटीचा धंदा करतो आणि त्याला ती दिसत नाही, कारण ती एकट्याच्या खिशात मोजता येत नाही. ती साऱ्या गल्लीची मिळून असते.

मटक्याला गिरणगाव मानवले, ते तेथे दुष्ट माणसे राहत होती म्हणून नव्हे. तेथे लाखो माणसे जवळजवळ राहत, त्यांच्या हाती रोकड येई, ती रोकड काही साठवावे इतकी मोठी नसे, आणि चार आण्यांपासून डाव घेणारा माणूस चाळीच्या दाराशी उभा असे. बँक त्यांना दारात उभे करीत नव्हती. खत्रीची कीर्ती एवढी वाढली की १९७५ च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटातल्या मटकेवाल्यात लोकांना तोच दिसला. आणीबाणीत त्याला तुरुंगवास घडला. गंमत अशी की, १९७६ साली, मटक्याचा राजा गजाआड असताना, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कॅसिनोंचे नियंत्रण करून त्यांवर कर बसविण्याचा कायदा संमत केला! तो कधी अमलात आणला गेला नाही. सत्तेचाळीस वर्षे तसाच धूळ खात पडला आणि २०२३ साली रद्द झाला. त्याआधी १२ एप्रिल १९६९ रोजी राज्याने स्वतःची लॉटरी सुरू केली होती. लोकांना मटक्यापासून सोडवावे हाही त्यामागे हेतू सांगितला गेला. सरकारचे मन या बाबतीत कधीच एक झालेले नाही. एका हाताने ते जुगाऱ्याची मान धरते आणि दुसरा हात पुढे करून आपला वाटा मागते. हे आजचे आहे असेही नाही. कौटिल्याने द्यूतावर अध्यक्ष नेमून जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच सरकारजमा करायला सांगितलेच आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही, गिरण्याच संपल्या. विणण्याचे काम भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे अधिकच वळले. येथे आपल्या दोन वाटा पुन्हा मिळतात. मुंबईतला मटका गिरणगावाबरोबर खंगला. नव्वदीच्या दशकात पोलिसांनी त्याला आणखी मोडला. पण ‘कल्याण’ आणि ‘मुंबई’ ही नावे लावून तो राज्याच्या गावोगावी पसरलाच होता, आणि जेथे गिरणगावासारखी माणसे होती तेथे तो घट्ट रुजला. अशा जागी इचलकरंजीहून योग्य जागा कोणती? तीच रोकड मजुरी, तोच पाळ्यांचा दिवस, कर्नाटकातून, उत्तर प्रदेशातून, बिहारातून आलेली तीच एकटी माणसे, तीच दाट वस्ती. शिवाय राज्याची सीमा हाकेच्या अंतरावर. ती ओलांडली की पोलीस ठाणे बदलते आणि कायद्याचे पुस्तकही बदलते.

कॅसिनो म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झुंबरे, गालिचे आणि गोल फिरणारे चाक उभे राहते. मटका हा त्या मानाने अदृश्य कॅसिनो आहे. त्याला इमारत नाही. टपरीवरचा लिहिणारा चिठ्ठ्या घेतो, त्या बुकीकडे जातात. एखाद्या अंकावर झेपण्यापलीकडे रक्कम चढली तर बुकी ती वरच्या मोठ्या बुकीवर ढकलतो. अशा रीतीने गल्लीतला दहा रुपयांचा डाव पायऱ्या चढत परगावी जातो. छापा पडला की सापडतो तो पहिल्या पायरीवरचा लिहिणारा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘मटक्याचे साहित्य व रोख रक्कम जप्त’ अशी चार ओळींची बातमी येते, कलम बारा लागते, किरकोळ दंड होतो, आणि तिसऱ्या दिवशी टपरी पुन्हा उघडते. २०१९ च्या एप्रिलात कोल्हापुरातील यादवनगरात मटक्याच्या अड्ड्यावर गेलेल्या पोलीस पथकावर हल्ला झाला, तेव्हा कुठे मोक्का लावून वरच्या पायऱ्यांचा शोध सुरू झाला आणि त्या पायऱ्या पार मुंबईपर्यंत पोहोचत असल्याचे जगाला दिसले. जाणत्यांना ते पूर्वीच ठाऊक होते.

आता खऱ्याखुऱ्या कॅसिनोशी तुलना करू. तो काही फार दूर नाही, घाट उतरले की गोवा. तेथे १९९२ साली कायदा दुरुस्त करून पंचतारांकित हॉटेलांत नाणी टाकून खेळायच्या यंत्रांना परवानगी दिली गेली, १९९६ मध्ये जहाजांवर पटांचे जुगारही मोकळे झाले, आणि पुढे मांडवीच्या पात्रात दिव्यांनी लखलखणारी जहाजे येऊन उभी राहिली. सरकारला परवान्याचा पैसा मिळाला, काही तरुणांना नोकऱ्या मिळाल्या. पणजीकरांनी मोर्चे काढले, आणि जहाजे हलविण्याची आश्वासने एकामागून एक मिळत गेली. अखेर १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांनाच कॅसिनोत खेळायला बंदी झाली. युरोपातला दाखला याहून जुना. मोनॅको नावाच्या चिमुकल्या संस्थानाने १८६३ साली फ्रान्स्वा ब्लां यास जुगाराचा मक्ता दिला, त्या उत्पन्नावर १८६९ मध्ये प्रजेचा कर माफ केला, आणि आपल्या प्रजाजनांना मात्र चाकापाशी बसायला मनाई केली. जे दुकान चालविणारा आपल्या पोरांना त्यातला माल खाऊ देत नाही, त्या मालाविषयी वेगळे मत देण्याचे कारण नाही.

परंतु या बंदीत एक शहाणपण आहे, ते मान्य करायला हवे. कॅसिनो परक्याचा पैसा गावात आणतो. निदान तशी व्यवस्था करता येते. मटका गावचा पैसा गावाबाहेर नेतो. आणखी एक गोष्ट. युरोपीय चाकात ३७ घरे असतात आणि लागलेल्या घराला लावलेल्या रकमेसह छत्तीसपट परत मिळते. म्हणजे एका फेरीत शंभराला पावणेतीन रुपयांहूनही कमी कपात. तेथे फेऱ्या भराभर होतात आणि माणूस एका रात्रीत धुऊन निघतो, हे खरे. तरीही दर फेरीचा दर पाहिला तर श्रीमंताचा जुगार स्वस्त आणि गरिबाचा महाग. झुंबराखाली बसणाऱ्याकडून पावणेतीन आणि टपरीपाशी उभे राहणाऱ्याकडून दहा! पूर्वी दिवसाला दोनच अंक निघत, हा एक आडपडदा होता. मोबाइल आल्यापासून तोही गेला. आता निरनिराळ्या नावांचे बाजार दिवसभर उघडतात आणि मिटतात. गरिबाच्या जुगाराला दहाचा दर तसाच राहून चाकाची गती मिळाली आहे. २०२५ च्या ऑगस्टात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. १८९० च्या पन्हळीपासून निघालेल्या माळेतला हा आणखी एक मणी.

कायदा नको असे कोणी म्हणणार नाही. पण सव्वाशे-दीडशे वर्षांचा हा इतिहास सांगतो की, पाऊस बंद केला तर कापूस आला, कापूस बंद झाला तर मडके आले, मडके फुटले तर पत्ते आले आणि पत्त्यांच्या मागून मोबाइल आला. बदलला नाही तो एक दशांश, आणि बदलली नाही ती माणसाची परिस्थिती, जिच्यात उद्याची आशा विकत घ्यायला दुसरे दुकान उघडे नसते. इचलकरंजीने सहकारी सूतगिरण्या उभ्या केल्या, सहकारी बँका उभ्या केल्या. ज्या गावाला कारखानदाराच्या भांडवलाची इतकी चिंता वाहता आली, त्याला कामगाराच्या वीस-पन्नास रुपयांना सांजवेळी, पाळी सुटायच्या वक्ताला, दाराशी येऊन नेणारी आणि वेळेवर चोख परत देणारी एखादी पेढी काढता येणार नाही असे नाही. मटकेवाला नेमके तेवढेच करतो; फक्त शंभराचे नव्वद करून.